फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडील निवृत्त शिक्षक, लॅपटॉप विंडोज ११चा. भाच्याने विद्यापीठाचा परीक्षा फॉर्म भरताना मार्कशीटची पीडीएफ करायला एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. तेव्हापासून क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच शोधपान येतं, ते बदललं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. क्रोमच्या मेनूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं लिहून येतं, आणि उजव्या कोपऱ्यात दर थोड्या वेळाने ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले’ असे लाल डबे उगवतात. तुम्ही एका अँटिव्हायरसची ट्रायल टाकली, तो म्हणतो सगळं स्वच्छ आहे. नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात दाखवलं तर ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असं उत्तर मिळालं. आता मारायचा का?

बहुधा नाही. आणि मारलाच, तर तो पुरेलच असंही नाही. ते का, ते पुढे सांगतो.

आधी त्या अँटिव्हायरसला दोष देणं थांबवू. तो खोटं बोलत नाहीये. त्याच्या लेखी हा व्हायरस नाहीच. व्हायरस चोरून शिरतो. ही मंडळी तुमची संमती घेऊन आत येतात. भाच्याने इन्स्टॉल करताना चार-पाच वेळा ‘नेक्स्ट’ दाबलं असेल, त्यातलं एक ‘नेक्स्ट’ म्हणजे ‘माझं शोधपान बदला, मला हरकत नाही’ असा होकार होता. किराणा बांधताना दुकानदाराने पिशवीच्या तळाशी आपल्याच चार पुड्या सरकवाव्यात आणि बिलावर बारीक अक्षरात त्या लिहूनही ठेवाव्यात, तशातला प्रकार. पुन्हा या कंपन्यांकडे वकील असतात. झँगो नावाच्या ॲडवेअर, म्हणजे जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीने तर कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीवरच दावा लावला होता, ‘आमचं सॉफ्टवेअर का अडवता’ म्हणून. २००९मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टात तो कॅस्परस्कीच्या बाजूने लागला. पण आजही अँटिव्हायरसवाले या वर्गाला जपूनच नाव देतात: ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड’. म्हणजे ‘कदाचित नको असलेलं’. बऱ्याच ठिकाणी त्याची तपासणी वेगळी चालू करावी लागते.

यात पैसा कुठे आहे, हे कळलं की त्याचा चिवटपणाही कळतो. तुमच्या वडिलांनी त्या भलत्या पानावर काही शोधलं की निकाल बऱ्याचदा शेवटी याहू किंवा बिंगचेच दिसतात. मधल्या मध्ये हा दलाल तो शोध आपल्या खात्यावर नोंदवून घेतो आणि जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळवतो. शिवाय ज्याने हे सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या इन्स्टॉलरमध्ये कोंबलं, त्याला प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे मिळतात. म्हणून ते तुमच्या संगणकातून जाऊ नये यासाठी त्यांनी मेहनत घेतलेली असते. आणि हा गल्लीबोळातल्या लोकांचाच धंदा आहे असंही नाही. जावाच्या इन्स्टॉलरसोबत आस्क टूलबार कित्येक वर्षं यायचा, आधीच टिक मारलेला, आठवत असेल. लिनोव्होने २०१४च्या शेवटी काही लॅपटॉप विकतानाच त्यात सुपरफिश नावाचं जाहिरातवालं सॉफ्टवेअर घातलं होतं, आणि त्याने आपलं रूट सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याची खात्री देणारा मूळ दाखला, बसवून बँकेच्या पानांपर्यंतची सुरक्षित जोडणी उघडी पाडली होती. २०१७च्या जूनमध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने फायरबॉल नावाच्या अशाच प्रकाराबद्दल सांगितलं की जगभरात २५ कोटी संगणक बाधित आहेत आणि त्यातले सर्वात जास्त, २ कोटी ५३ लाख, भारतात. मायक्रोसॉफ्टने हे आकडे फुगवलेले असल्याचं म्हटलं. ते खरे धरा किंवा अर्धे धरा, आपण गिऱ्हाईक म्हणून मोठे आहोत एवढं नक्की.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या दिवशी परत का येतं? कारण जवळजवळ सगळे जण सुरुवात ब्राउझरपासून करतात. क्रोम रीसेट केलं, शोधपान बदललं, झालं. पण क्रोम हा फक्त दर्शनी भाग. मागे एक प्रोग्रॅम बसलेला असतो, आणि त्या प्रोग्रॅमला पुन्हा उभा करणारा एखादा राखणदार असतो. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला. म्हणून क्रम उलटा धरायचा: आधी प्रोग्रॅम, मग राखणदार, आणि ब्राउझर सगळ्यात शेवटी. माझ्याकडे ‘तीनदा साफ केलं तरी परत येतं’ म्हणून येणाऱ्या मशीनमध्ये क्रम चुकलेला असतो, दुसरं काही नाही.

पण एक अपवाद, आणि तो तुमच्या बाबतीत लगेच आराम देईल. ते लाल डबे. त्यातला एक उगवला की बंद करण्याआधी नीट बघा. वर बारीक अक्षरात ‘गूगल क्रोम’ लिहिलेलं असेल आणि मजकुराच्या आसपास एखाद्या वेबसाइटचं विचित्र नाव असेल. म्हणजे ही सूचना विंडोजची नाही, अँटिव्हायरसचीही नाही. एका वेबसाइटने क्रोममार्फत पाठवलेली जाहिरात आहे. कधीतरी एका पानावर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा’ असं आलं असणार आणि वडिलांनी बिचाऱ्यांनी दाबलं असणार. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’. खाली परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीचं नाव नसेल ते प्रत्येक काढा, आणि वरचा पर्याय ‘कोणत्याही साइटला सूचना पाठवू देऊ नका’ या अर्थाचा आहे तो निवडा. वडिलांच्या वापरात वेबसाइटच्या सूचनांची गरज नसते. डबे तिथल्या तिथे थांबतात. लोक याच डब्यांना घाबरून पूर्ण मशीन फॉरमॅट करून घेतात.

त्या डब्यावर क्लिक झालं असेल तर पूर्ण पडदाभर एक पान येतं, भोंगा वाजतो, ‘मायक्रोसॉफ्ट सपोर्ट’चा फोन नंबर दिसतो. तो नंबर लावायचा नाही. मायक्रोसॉफ्ट अशा पानावर फोन नंबर देत नाही. एस्केप की थोडा वेळ दाबून धरा, नाहीतर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून क्रोम बंद करा. पुन्हा उघडल्यावर ‘जुनी पानं परत आणू का’ विचारलं तर नको म्हणा. वडिलांनी फोन लावून कुणाला एनीडेस्कसारख्या ॲपवरून लॅपटॉप ताब्यात दिला असेल, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. इंटरनेट बंद, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

आता प्रोग्रॅम. सुरू करण्याआधी वडिलांची कागदपत्रं, फोटो आणि बुकमार्क एका पेन ड्राइव्हवर घ्या. फक्त कागदपत्रं आणि फोटो. डाउनलोड फोल्डरमधली सेटअप फाइल एकही नको. हे होईपर्यंत या लॅपटॉपवर बँकेचं काहीही उघडू नका.

मग दोन याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या. पहिली, डाउनलोड फोल्डर तारखेनुसार लावलेला. त्यात ते पीडीएफवालं सेटअप कोणत्या दिवशी उतरवलं ते सापडेल. दुसरी, सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, त्यात ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’, तीही तारखेनुसार लावलेली. त्या दिवशी जे जे आलं ते सगळं संशयित. तुम्ही कधी ऐकलं नसेल असं एखादं ‘ड्रायव्हर अपडेटर’, एखादं ‘पीसी स्पीड’ काहीतरी, एखादा वेगळाच ब्राउझर. वेव्ह ब्राउझर आणि वनलाँच या नावांना मालवेअरबाइट्स ही सुरक्षा कंपनी ‘नको असलेलं’ या वर्गात धरते, तीही दिसली तर काढा. एक सावधगिरी: क्रोम, एज, ऑफिस हे स्वतःहून अपडेट होत असतात, त्यामुळे त्यांची तारीखही ताजी दिसते. तारीख जुळली म्हणून त्यांना हात लावू नका. आणि लॅपटॉप कंपनीचं साउंडचं किंवा टचपॅडचं काही असेल तर तेही राहू द्या.

काढतानाही यांची खोडी असते. मोठं निळं बटण ‘ठेवा आणि सवलत मिळवा’ असं असतं आणि खरं ‘अनइन्स्टॉल’ कोपऱ्यात राखाडी रंगात, बटण वाटणारही नाही असं. कधी प्रश्नच उलटा विचारलेला असतो: ‘रद्द करणं रद्द करायचं का?’ इथे नेक्स्ट-नेक्स्टची सवय सोडून प्रत्येक ओळ वाचायची. एखादा प्रोग्रॅम ‘चालू आहे’ म्हणून निघत नसेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, त्यातून सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरतीच विंडोज सुरू होते तो प्रकार) जा आणि तिथून काढा.

प्रोग्रॅम गेले की त्यांचा केरकचरा काढायला स्कॅनर. इथे मी दोनच गोष्टी वापरतो. एक, एडब्ल्यूक्लीनर. हे लहानसं फुकट टूल मुळात फ्रान्समधल्या लोकांनी लिहिलं, २०१६मध्ये मालवेअरबाइट्सने घेतलं; आता त्यांच्याच साइटवर मिळतं, दुसरीकडून घेऊ नका. इन्स्टॉल करावं लागत नाही, उघडून स्कॅन करायचं. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘बेसिक रिपेअर’चे काही पर्याय असतात, त्यातला ‘रीसेट क्रोम पॉलिसीज’ आणि प्रॉक्सीवाला (प्रॉक्सी म्हणजे तुमचं इंटरनेट मधल्या दुसऱ्या संगणकातून वळवणारी सेटिंग) चालू करा. तुम्हाला दोन्ही लागतील. स्कॅननंतर तो ‘प्रीइन्स्टॉल्ड’ नावाखाली लॅपटॉप कंपनीची सॉफ्टवेअरंही दाखवतो. ती काढायचा मोह आवरा, नाहीतर आवाज कमी-जास्त करायची बटणं बंद पडली म्हणून मलाच विचाराल.

दुसरी गोष्ट, विंडोजमध्येच असलेला डिफेंडर. तुम्ही टाकलेली ती ट्रायल आधी काढून टाका, कारण दुसरा अँटिव्हायरस असला की डिफेंडर बाजूला होतो. मग ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’, त्यात ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ची सेटिंग्ज. तिथे ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग’ असतं. त्यातल्या दोन्ही चौकोनांवर टिक हवी. नंतर पूर्ण स्कॅन. रात्री जेवताना लावून द्या, वेळ घेतो. शेवटी ‘ऑफलाइन स्कॅन’. यात लॅपटॉप रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतो, साधारण पंधरा मिनिटं.

क्रोममध्ये पूर्वी स्वतःचं सफाईचं साधन होतं, जुने लेख अजून तेच शोधायला सांगतात. गूगलने ते २०२३च्या मार्चमध्ये काढून टाकलं. सापडत नाही म्हणून डोकं फोडू नका.

आणि एक तळमळीने सांगतो. त्या शोधपानाचं नाव टाकून ‘हे कसं काढायचं’ असं शोधलंत तर वर वर सापडणाऱ्या बऱ्याच पानांवर एक रामबाण सॉफ्टवेअर असतं. स्कॅन फुकट, सापडतात शेकडो ‘चुका’, आणि काढायचे पैसे. २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रेस्टोरो आणि रीइमेज या दोघांवर अशाच खोट्या स्कॅनबद्दल कारवाई केली आणि त्यांना २ कोटी ६० लाख डॉलर भरावे लागले. रजिस्ट्री (विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जची वही) साफ करतो म्हणणाऱ्या रजिस्ट्री क्लीनर नावाच्या प्रकारापासून तर चार हात लांबच राहा. त्याने मशीन वेगवान झाल्याचं मी पाहिलेलं नाही, बिघडलेलं पाहिलंय.

इथपर्यंत अर्धं काम झालं. आता राखणदार, आणि खरी मजा इथेच आहे.

पहिला, टास्क शेड्युलर. स्टार्टमध्ये त्याचं नाव टाइप केलं की उघडतो. डावीकडे ‘लायब्ररी’ आहे, तिच्यावर क्लिक केलं की कामांची यादी येते. यातली बरीच खरी असतात: गूगल अपडेटर, एज अपडेट, लॅपटॉप कंपनीची. खोटं काम याच नावांची नक्कल करतं. ‘क्रोम अपडेटर’ असं काहीतरी. नावावर जाऊ नका, प्रत्येकाचा ‘ॲक्शन्स’ हा टॅब बघा. गूगलचं खरं काम सहसा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या गूगलच्या फोल्डरातली फाइल चालवतं. खोटं काम बहुधा ‘ॲपडेटा’ नावाच्या फोल्डरात खोल कुठेतरी निर्देश करतं, किंवा ‘पॉवरशेल’ (विंडोजमधलं लेखी आज्ञा चालवायचं साधन) चालवतं आणि पुढे अर्थ नसलेल्या अक्षरांची दोन-तीन ओळींची माळ असते. ‘ट्रिगर्स’ टॅबमध्ये ‘लॉग ऑन झाल्यावर’ किंवा ‘दर इतक्या मिनिटांनी’. हेच ते, जे दुसऱ्या दिवशी सगळं परत आणतं. २०२२मध्ये क्रोमलोडर नावाचा प्रकार नेमका असाच चालायचा: क्रॅक केलेल्या, म्हणजे लायसन्स तोडून फुकट वाटलेल्या गेमच्या नावाने यायचा, पॉवरशेल चालवायचा, शेड्युलरमध्ये काम टाकायचा आणि क्रोममध्ये आपलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) पुन्हा पुन्हा बसवायचा. असं काम दिसलं तर त्याचा फोटो काढा, कोणत्या फाइलकडे बोट दाखवतंय ते लिहून घ्या, काम डिलीट करा, मग ती फाइलही.

ज्यांना जास्त खोलात जायचंय त्यांनी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स या फुकट टूलच्या संचातलं ऑटोरन्स वापरावं. विंडोज सुरू होताना जे जे आपोआप चालतं ते सगळं एका ठिकाणी दाखवतं. ‘मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा’ हा पर्याय चालू केला की यादी एकदम आवाक्यात येते. पण तिथे सुरुवातीला टिक काढायची, डिलीट करायचं नाही. टिक काढलेली परत लावता येते.

दुसरा राखणदार म्हणजे ती ‘ऑर्गनायझेशन’. तुमच्या वडिलांची कुठलीच संस्था नाही, तर हा मॅनेज करणारा कोण? मोठ्या कंपन्यांना आपल्या हजारो संगणकांवर क्रोमचे नियम एकदम लावता यावेत म्हणून गूगलने सोय दिली आहे, त्याला पॉलिसी म्हणतात. या लोकांनी तीच वापरली. क्रोमच्या ॲड्रेसच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम लिहा, पुढे कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी. एंटर केलं की लागू असलेल्या नियमांचा तक्ता येतो. घरच्या संगणकावर तो रिकामा असायला हवा. तुमच्याकडे बहुधा ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ असं नाव दिसेल आणि त्यापुढे बत्तीस अक्षरांची एक माळ. ती एक्स्टेन्शनची ओळख. एक्स्टेन्शनच्या पानावर उजवीकडे वर ‘डेव्हलपर मोड’ चालू केलात तर प्रत्येकाखाली अशी माळ दिसते, जुळवून बघा. जुळेल त्या एक्स्टेन्शनला ‘रिमूव्ह’चं बटणच नसेल. म्हणूनच ते निघत नव्हतं.

एडब्ल्यूक्लीनरच्या त्या पर्यायाने पॉलिसी गेली असेल तर उत्तम. नसेल तर रजिस्ट्री एडिटर उघडा. ‘एचकी लोकल मशीन’, त्यात ‘सॉफ्टवेअर’, त्यात ‘पॉलिसीज’, त्यात ‘गूगल’. या ‘गूगल’वर राइट क्लिक करून आधी ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवा, मग त्यातलं ‘क्रोम’ डिलीट करा. हेच ‘एचकी करंट यूझर’खालीही बघा. रीस्टार्टनंतर ती परत उगवली, तर ‘विंडोज’ फोल्डरातल्या ‘सिस्टिम ३२’मध्ये ‘ग्रुप पॉलिसी’ आणि ‘ग्रुप पॉलिसी यूझर्स’ असे दोन लपवलेले फोल्डर असतात, नियम तिथूनही भरले जातात. घरगुती मशीनवर ते काढले तर काही बिघडत नाही. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र यातलं काहीही करू नका. तिथली ऑर्गनायझेशन खरी असते.

तिसरा, शॉर्टकट. हा फारच साधा, म्हणून सुटतो. टास्कबारवरच्या क्रोमवर राइट क्लिक, आलेल्या यादीत ‘गूगल क्रोम’वर पुन्हा राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’. ‘टार्गेट’ नावाचा चौकोन असतो, त्यात कर्सर नेऊन शेवटपर्यंत सरकवा. क्रोमच्या फाइलचं नाव आणि अवतरणचिन्ह संपल्यावर एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो पुसा. ‘प्रोफाइल डायरेक्टरी’ असं काही असेल तर ते खरं आहे, राहू द्या. डेस्कटॉपवरचा आणि टास्कबारवरचा शॉर्टकट वेगवेगळा असतो, दोन्ही बघा.

प्रॉक्सी पटकन सांगतो: सेटिंग्ज, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘प्रॉक्सी’. घरी ‘यूझ अ प्रॉक्सी सर्व्हर’ बंद हवं. घरातल्या सगळ्या फोनवर, टीव्हीवरही भलत्या जाहिराती येत असतील तरच राउटरचं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधणारी सेटिंग) तपासा. २०११मध्ये पकडलेल्या डीएनएसचेंजरने जगभरात लाखो संगणकांचे पत्ते असेच वळवले होते, पण तुमची तक्रार एकाच लॅपटॉपची आहे, तेव्हा राउटरच्या मागे लागू नका.

आता कुठे ब्राउझर. अनोळखी एक्स्टेन्शन काढा. शोधयंत्र बदला, सुरुवातीचं पान बदला, किंवा सरळ ‘रीसेट सेटिंग्ज’ करा. बुकमार्क आणि पासवर्ड राहतात. एजमध्येही तेच करा, वडील वापरत नसले तरी.

आणि इथे फॉरमॅटचा मुद्दा येतो. वडील क्रोममध्ये आपल्या गूगल खात्याने लॉगिन आहेत ना? मग त्यांची एक्स्टेन्शन्स आणि सेटिंग्ज गूगलकडे सिंक झालेली, म्हणजे खात्यात जमा झालेली असतात. फॉरमॅट मारला, नवी विंडोज टाकली, दुकानदाराने स्वच्छ मशीन हातात दिलं. घरी येऊन वडिलांनी क्रोममध्ये लॉगिन केलं की तेच एक्स्टेन्शन खात्यातून खाली उतरतं. मग दुकानदार म्हणतो नेटवरून आलं, तुम्ही म्हणता याने नीट केलंच नाही. म्हणून सफाईच्या आधी सिंक बंद करा, सफाई करा, एक्स्टेन्शनची यादी स्वच्छ आहे ना बघा, मगच चालू करा. वडिलांच्या दुसऱ्या संगणकावर तेच खातं असेल तर तोही बघावा लागेल.

एक्स्टेन्शन ओळखीचं आहे म्हणून ते चांगलंच, असंही नाही. द ग्रेट सस्पेंडर हे लाखो लोक वापरायचे, चांगलं होतं. मूळ लेखकाने २०२०मध्ये ते दुसऱ्याला विकलं आणि २०२१च्या फेब्रुवारीत गूगलला ते मालवेअर म्हणून बंद करावं लागलं.

मग फॉरमॅट कधी? मशीनवर क्रॅक असेल तेव्हा. विंडोज किंवा ऑफिस ‘ॲक्टिव्हेट’ करणारं टूल, फुकटात मिळालेलं फोटोशॉप किंवा कोरल. नागपूरच्या महाल भागातल्या डीटीपीवाल्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत हे सगळीकडे आहे, आणि ते चालावं म्हणून अँटिव्हायरस बंद करायला सांगितलेलं असतं. त्यातून येणारं नुसतं शोधपान बदलून थांबत नाही. ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (तुम्ही आधीच लॉगिन आहात हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) उचलून नेतं, आणि काही वेळा आवाज न करता. पीडीएफवाल्यांचंही आता तेच होऊ लागलंय. २०२५च्या ऑगस्टमध्ये संशोधकांनी एक फुकट पीडीएफ एडिटर उघडकीस आणला, जाहिरातींमधून पसरवलेला. तो बरेच आठवडे साध्या एडिटरसारखा वागला आणि नंतर ब्राउझरमधली माहिती चोरू लागला. म्हणून भाच्याने नेमकं काय उतरवलं होतं, त्याचं नाव मला कळवा. क्रॅकसारखं काही निघालं तर ‘रीसेट धिस पीसी’ मधून ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ करा. ‘क्लाउड डाउनलोड’ निवडलंत तर चार जीबीहून जास्त डेटा लागतो, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नका. पासवर्ड मात्र दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला. ईमेलचा सगळ्यात आधी, आणि बदलताना ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ हेही करा, कारण कुकी चोरीला गेली असेल तर नुसता पासवर्ड बदलून चोर बाहेर निघेलच असं नाही. दुकानातून फॉरमॅट करून घेणार असाल तर विचारा, विंडोज मूळची टाकणार की ‘ॲक्टिव्हेटर’वाली. ॲक्टिव्हेटरवाली टाकली तर फिरून तिथेच आलात. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजचं लायसन्स साधारण मशीनमध्येच नोंदलेलं असतं, त्याला वेगळे पैसे लागत नाहीत.

लॅपटॉप ‘स्लो झालाय आणि पंखा ओरडतोय’ असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. याचं खापर सगळंच या जंकवर फोडू नका. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, त्यात लॅपटॉप गादीवर ठेवलेला. प्रोसेसर गरम झाला की स्वतःचा वेग कमी करतो. सगळी सफाई झाल्यावरही टास्क मॅनेजरमध्ये काहीच चालू नसताना प्रोसेसर सतत ८०-९० टक्के दिसला तर ती वेगळी शंका. नाहीतर आतली धूळ काढून घ्या.

भाच्याला एवढं सांगा. पीडीएफ करायला विंडोजमध्ये काही टाकावं लागत नाही: प्रिंट द्यायचं आणि प्रिंटर म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडायचं. फॉर्मसाठी फोटो लहान करायला पेंटमधलं ‘रीसाइझ’ पुरतं. मराठी टायपिंगसाठीही कुठल्या साइटवरून काही उतरवू नका. ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड २०१९पासून विंडोजमध्ये आहे, भाषेच्या सेटिंगमधून जोडता येतो. खरंच एखादं सॉफ्टवेअर लागलं तर गूगलवर शोधून पहिल्या ‘स्पॉन्सर्ड’ निकालावर क्लिक करायचं नाही. ते करणाऱ्याच्या मूळ साइटवरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यायचं. इन्स्टॉल करताना ‘रेकमेंडेड’ नाही, ‘कस्टम’ निवडायचं आणि नको त्या टिकमार्क काढायच्या. क्रोममध्ये युब्लॉक ओरिजिन लाइट हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका, त्या खोट्या हिरव्या ‘डाउनलोड’ बटणांपैकी बरीचशी दिसणारच नाहीत.

वडिलांसाठी ॲडमिन नसलेलं वेगळं खातं काढून देता आलं तर बघा. पूर्ण बंदोबस्त होत नाही, कारण यातले बरेच प्रोग्रॅम ॲडमिन पासवर्ड न मागता फक्त त्या खात्यापुरते बसतात. पण शेड्युलर आणि पॉलिसीमध्ये खोल घुसणारे अडतात.

हे सगळं एका रविवारी होण्यासारखं आहे. तीन-चार दिवसांनी पुन्हा काही दिसलं तर मला पॉलिसीच्या पानाचा फोटो, टास्क शेड्युलरच्या यादीचा फोटो आणि एडब्ल्यूक्लीनरचा रिपोर्ट पाठवा. रिपोर्ट त्याच्याच ‘लॉग फाइल्स’मध्ये सापडतो. तेवढ्यावरून कुठला राखणदार सुटला ते सांगता येईल.